वर्कशॉपचं दार ढकलून पाहा
बारावीनंतर : लेखांक 6

गेल्या आठवड्यात सीईटीच्या पर्सेंटाइलचा हिशेब मांडला होता. या आठवड्यात गाड्यांचं वेड असलेल्या मुलांकडे वळू. आमगाव, तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही तालुक्यात जा, बारावीच्या वर्गात बुलेटचं इंजिन आवाजावरून ओळखणारी दोनचार पोरं भेटतातच. त्यांचा प्रश्नही ठरलेला असतो : ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगला चांगलं कॉलेज कुठलं?

माझं उत्तर अनेकांना आवडत नाही. गाड्यांमध्येच काम करायचं असेल तरी पदवी मेकॅनिकलची घ्या. महाराष्ट्रात ऑटोमोबाईलची पदवी मोजक्याच कॉलेजांत आहे. पहिल्या दोन वर्षांत थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, थिअरी ऑफ मशीन्स, फ्लुइड मेकॅनिक्स हे विषय दोन्ही शाखांना जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो तिसऱ्या वर्षापासून, आणि तोही निवडक विषयांपुरता. नोकरीच्या जाहिरातीत मात्र हा फरक जाणवतो. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मेकॅनिकलवाल्याला हसत घेतात, पण वीज केंद्र, रेल्वे, साखर कारखाना, पंप किंवा कॉम्प्रेसरची कंपनी ऑटोमोबाईलवाल्याला घेईलच असं नाही. शिवाय गाडीही आता पूर्वीची राहिलेली नाही. 1 एप्रिल 2020 रोजी देश बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर गेला, तेव्हापासून साध्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्येही सेन्सर आणि रसायनशास्त्र शिरलं. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनच नाही. म्हणून मेकॅनिकलची पदवी आणि जोडीला इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिक व्हेइकलची मायनर मिळत असेल, तर ती जोडी मला जास्त भरवशाची वाटते.

हे काम फक्त पुण्या-चाकणातच मिळतं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. गोंदियाहून नागपूरच्या एसटीत बसलात तर साकोली ओलांडल्यावर लाखनीच्या अलीकडे-पलीकडे नजर ठेवा. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तिथं ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. तिरोड्याचं औष्णिक वीज केंद्र 3300 मेगावॉटचं, म्हणजे 660 मेगावॉटचे पाच संच. तिथला टर्बाइन, बॉयलर, कोळशाचा कन्व्हेयर, पंप हा सगळा मेकॅनिकलचाच अभ्यासक्रम आहे. आणि आपल्या भातगिरण्या? रबर शेलर, एलिव्हेटर, बेल्ट, बेअरिंग, ड्रायर हे सगळं तिथं रोज धावत असतं. गिरणीत उभं राहून बेअरिंग का तापलं हे विचारणारा मुलगा माझ्या मते निम्मा इंजिनिअर आहे.

आता कॉलेजांकडे वळू. गोंदियात मनोहरभाई पटेल यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. 1958 पासून काम करणाऱ्या गोंदिया शिक्षण संस्थेचं ते. घरी राहून शिकण्यानं वाचणारा पैसा हा काही लहान मुद्दा नाही, तेव्हा त्याला उगाच नाक मुरडू नका. मात्र यंदा तिथं मेकॅनिकलच्या किती जागा आहेत हे सीईटी कक्षाच्या यादीतच पाहा. गेल्या काही वर्षांत संगणक शाखेच्या ओढीनं राज्यभर मेकॅनिकलच्या जागा कमी-जास्त झाल्या आहेत, त्यामुळे शेजारच्या दादानं चार वर्षांपूर्वी सांगितलेलं आज खरं असेलच असं नाही.

नागपुरात पहिलं नाव व्हीएनआयटीचं. 1960 साली सुरू झालेलं जुनं व्हीआरसीई ते हेच. दरवर्षी कुणीतरी सीईटीचा निकाल हातात घेऊन विचारतो, की व्हीएनआयटी मिळेल का? मिळणार नाही. तिथला प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर आणि जोसाच्या फेऱ्यांतून होतो. निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, ही आपली जमेची बाजू. रायपूरची एनआयटीही गोंदियाकरांना गाडीनं जवळच पडते, पण तिथं आपण परराज्यातले. कटऑफ पाहताना ‘अदर स्टेट’चाच रकाना पाहा. सीईटीवर मिळणाऱ्यांत नागपूरचं शासकीय अभियांत्रिकी, चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी आणि अमरावतीचं 1964 सालचं शासकीय कॉलेज ही नावं यादीत वर हवीत. खासगीत रामदेवबाबा, वायसीसीई वगैरे आहेतच. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय ज्यांच्या आवाक्यात आहे त्यांनी अंतराचा बाऊ करू नये. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियातूनच सुटते आणि गाडी न बदलता पुण्याला पोचवते. मुंबईसाठी विदर्भ एक्स्प्रेस आहे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती बऱ्याच घरांत उशिरा कळते. राज्याच्या कॅप प्रवेशात विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांच्या 70 टक्के जागा ‘होम युनिव्हर्सिटी’च्या मुलांसाठी आणि 30 टक्के बाहेरच्यांसाठी असतात. गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा हे चार जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे. तुमची होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून झाली त्यावरून. म्हणजे अकरावी-बारावीला मुलाला लातूरला पाठवलंत, तर नागपूरच्या अशा कॉलेजांत तो बाहेरचा ठरतो आणि नांदेड विद्यापीठाच्या हद्दीत घरचा. क्लासेसची जाहिरात हे सांगत नाही.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्रवेशद्वाराची कमान, एसी सेमिनार हॉल आणि हसऱ्या मुलांचे फ्लेक्स यांना फार वेळ देऊ नका. सरळ वर्कशॉपमध्ये शिरा. लेथ मशीनजवळ उभे राहा. खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा कीस साचलेला आहे का? बेडवर तेलाचा ताजा थर आहे की गंजाचे तांबूस ठिपके? फिटिंग शॉपच्या बाकावर मुलांनी कानशीनं घासलेले मेल-फिमेल जॉब पडलेले दिसतात का, की व्हाइसचे जबडे अजून कोरे आहेत? मग आयसी इंजिन लॅबमध्ये या. लाल-पिवळा रंग देऊन कापलेलं इंजिनचं मॉडेल सगळीकडेच असतं, त्यावर भाळू नका. कोपऱ्यातल्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाकडे पाहा, ज्याला रोप ब्रेक डायनामोमीटर जोडलेला असतो. त्याच्या एक्झॉस्टच्या पाइपातून बोट फिरवा. बोट काळं झालं तर इंजिन चालतं. धूळ लागली तर ते पाहुण्यांसाठी आहे. शेजारी लॉगबुक असेल तर शेवटची नोंद कधीची ते वाचा. ज्या कॉलेजात इंजिन चालत नाही तिथं जर्नलमधली रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून येतात, आणि व्हायवाच्या दिवशी पोरगं ब्रेक पॉवरचा फॉर्म्युला घडाघडा म्हणतं, पण दोरी कुठं बांधायची ते त्याला ठाऊक नसतं.

लॅब असिस्टंटशी दोन मिनिटं बोला. प्राचार्यांपेक्षा तो जास्त खरं सांगतो. मुलांचा बाहाचा संघ आहे का तेही विचारा. एसएईइंडियाची ही ऑफ-रोड गाडी बनवण्याची स्पर्धा 2007 पासून भरते आणि पहिली इंदूरजवळच्या पिथमपूरला झाली. नंबर येवो न येवो, रात्री दोन वाजता चॅसिसला वेल्डिंग करणाऱ्या पोरांच्या कॉलेजात शिकायला मिळतं, हे नक्की.

नॅकचा ए ग्रेड आहे, असं सांगतील. तो सगळ्या संस्थेला असतो. एनबीएची मान्यता शाखेला मिळते, तेव्हा मेकॅनिकलला आहे का आणि कुठवर, एवढंच विचारा. प्लेसमेंटचंही तसंच. सर्वांत मोठं पॅकेज किती याला काही अर्थ नाही. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, त्यांतली किती कारखान्यात लागली आणि किती सॉफ्टवेअर कंपनीत गेली, हे शाखेनुसार लिहून मागा. सॉफ्टवेअरमध्ये जाण्यात कमीपणा काहीच नाही, पण चार वर्षं मेकॅनिकल करून तिकडेच जायचं असेल तर तो निर्णय आज घेतलेला बरा.

ऑप्शन फॉर्म भरताना एकच तत्त्व ठेवा : जे जास्त हवं ते वर. ‘तिथं आपला नंबर लागणार नाही’ म्हणून चांगलं कॉलेज खाली टाकणं हा वेडेपणा आहे, कारण वर टाकल्यानं काहीही जात नाही. उलट बाजूही लक्षात घ्या. 2025 च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनातलं किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातलं, तर जागा आपोआप पक्की होत होती. म्हणून वरच्या सहा जागी मन लावून विचार केलेलीच नावं असू द्या. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत पुन्हा वाचा.

दहावीनंतरच ज्यांना हाताचं काम हवंय, त्यांच्यासाठी डिप्लोमा ही पळवाट मानू नका. गोंदियाला शासकीय तंत्रनिकेतन आहे, नागपूरलाही आहे. तीन वर्षांनी थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेलाही डिप्लोमा पुरतो. पदवीला गेलेली डिप्लोमाची मुलं गणितात सुरुवातीला अडखळतात खरी, पण वर्कशॉपमध्ये ती इतरांना शिकवत असतात.

शेवटी पैसा. खासगी कॉलेजचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर दिसतं. त्याहून जास्त मागणाऱ्याला पावती मागा. राज्यात देणगीवर 1987 च्या कायद्यानं बंदी आहे. टीएफडब्ल्यूएस या योजनेत कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफ होतं, पण तिचा चॉइस कोड वेगळा असतो आणि ऑप्शन फॉर्ममध्ये तो वेगळा टाकावा लागतो. मुलींसाठी तर जुलै 2024 चा शासन निर्णय आहे : ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट एवढीच, की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर हा लाभ नाही. मेकॅनिकल मुलींचं नाही, असं म्हणणाऱ्या काका-मामांना हा निर्णय जरूर दाखवा.

पुढच्या आठवड्यात कागदपत्रं. तोवर नॉन-क्रिमिलेयर आणि जात पडताळणीचे अर्ज केलेले नसतील, तर याच आठवड्यात करून टाका. पहिली फेरी त्यांच्यासाठी थांबत नाही.