गोळी कशासाठी, हे विचारलेच पाहिजे!

आमच्या वस्त्यांतील साठी ओलांडलेल्या माणसांकडे आज औषधांची एक पिशवी असते. बीपीची, साखरेची, गुडघेदुखीची, झोपेची अशा अनेक गोळ्या तिच्यात असतात. एका डॉक्टरने काय दिले ते दुसऱ्याला ठाऊक नसते आणि कोणती गोळी कशासाठी, हे खाणाऱ्यालाही ठाऊक नसते.

म्हातारपणी मूत्रपिंडाचे काम मंदावते. औषध शरीरात रेंगाळते. बीपीवरच्या अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांना सूज येते. तो नवा आजार समजून पाण्याची गोळी सुरू होते. तिने सोडियम घटून चक्कर येते. चक्करीवर तिसरी गोळी! मग रात्री लघवीला उठलेली आई पडते, खुब्याचे हाड मोडते आणि आम्ही म्हणतो, वयच झाले. ग्लिबेनक्लामाइडने साखर फार उतरली की माणूस बरळतो. त्याला आम्ही म्हातारचळ म्हणतो. बीपीच्या काही गोळ्या आणि पाण्याची गोळी चालू असताना डायक्लोफिनॅक घेतली तर मूत्रपिंड धोक्यात येते. ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे. तरीही ती सर्रास मिळते.

पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांना मान खाली घालून ऐकायला शिकवले गेले. ती सवय दवाखान्यातही सुटत नाही. वस्तुतः कायदा आमच्या बाजूने आहे. २०१५ च्या फार्मसी नियमांनुसार औषधाची माहिती समजावून देणे हे फार्मासिस्टचे काम आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो. परंतु न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.

कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तेही घातक ठरते. सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि विचारावे: ही कशासाठी? किती दिवस? यातली कोणती कमी करता येईल?

जयंतीला आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी नुसते बीपी मोजून फोटो काढू नयेत. डॉक्टरांना सोबत घेऊन या पिशव्या उघडाव्यात आणि प्रत्येक वृद्धाच्या हाती त्याच्या औषधांची मराठी यादी द्यावी. प्रश्न विचारणारा समाज घडवायचा असेल, तर सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करू या.