शून्यावर थांबलेली सहा वर्षं

२००० साली चंद्रावर चालून आलेली नऊ माणसं हयात होती. के-टूच्या माथ्यावर उभी राहिलेली आणि अजून जिवंत असलेली स्त्री मात्र जगात एकही नव्हती. लोकसंख्या सहाशे कोटी, त्यातल्या जवळपास निम्म्या बायका, आणि आकडा शून्य.

के-टू ८६११ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. पाच कळसूबाई एकावर एक रचली तरी वर ३८१ मीटर उरतात. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम एक तृतीयांश. १९५४ मध्ये पुरुष तिथे पोहोचले. बाई पोहोचायला आणखी ३२ वर्षं गेली: पोलंडची वांडा रुत्किएविच, २३ जून १९८६, तीही प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय. त्याच दिवशी फ्रान्सची लिलियान बारारही पोहोचली. उतरताना ती आणि तिचा नवरा दोघंही गेली. ऑगस्टमध्ये ब्रिटनची ज्यूली टुलिस माथा गाठून परतताना वादळात अडकली आणि तंबूतच संपली. १९९२ मध्ये वांडा कांचनजुंगावर हरवली. त्याच वर्षी के-टू चढलेली शांताल मोदुई १९९८ मध्ये धौलागिरीवर मरण पावली. अ‍ॅलिसन हारग्रीव्ह्ज १३ मे १९९५ला कृत्रिम प्राणवायूविना एव्हरेस्टवर होती. बरोबर तीन महिन्यांनी, १३ ऑगस्टला, के-टूवरून उतरताना वादळाने तिला नेलं. पाचांतल्या पाचही संपल्या.

मग ‘हा डोंगर बायकांना शापित’ अशी बोलवा उठली. मला ती संतापजनक वाटते. १९८६च्या त्या एका हंगामात के-टूवर १३ जण दगावले, त्यात दहा पुरुष; पुरुषांना शाप आहे असं कुणी म्हटलं नाही. हारग्रीव्ह्ज दोन लहान मुलांची आई, म्हणून तिच्या मृत्यूनंतर तिलाच दोष दिला गेला. बापांना हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पाचांतल्या दोघींचा तर मृत्यू के-टूवर झालाच नाही. या बायका पुन्हा पुन्हा आठ हजार मीटरहून उंच शिखरांवर परतत होत्या. वांडाने तेवढ्या उंचीच्या चौदांपैकी आठ शिखरं सर केली होती. दर खेपेला तोच धोका नव्याने समोर उभा राहत होता.

जुलै २००४ मध्ये स्पेनची एदुर्ने पासाबान माथ्यावर पोहोचून जिवंत खाली आली. हिमदंशाने पायाची दोन बोटं गेली, पण सहा वर्षांनी शून्याचा एक झाला.

२२ जुलै २०२२ला एका दिवसात शंभराहून अधिक माणसं के-टूवर पोहोचली. त्यांत पाकिस्तानच्या समीना बेग आणि नायला कियानी होत्या. त्यांच्याच देशाच्या सरहद्दीवरचा तो डोंगर. पहिल्या चढाईनंतर ६८ वर्षांनी तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या पाकिस्तानी स्त्रिया.