सूड न मागणारा बळी

बीड जिल्ह्यातल्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत झुंज आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. गुरांसाठी, गावासाठी जीव दिला आणि कैलास मिळाला. हिशेब तिथे मिटतो. दुसरा हिशेब गावाच्या पारावर ऐकू येतो. वासना अपुरी राहून किंवा अन्यायाने मेलेला माणूस परत येतो, घराला धरतो आणि नारळ-कोंबडे घेतल्याशिवाय सोडत नाही. मेलेल्याच्या या दोन वाटा आपल्याला इतक्या ओळखीच्या आहेत की येशूचे मरण आणि पुन्हा उठणे यांची कथाही आपण त्यांतल्याच एखाद्या वाटेला लावतो. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे मात्र निराळे आहे. मारला गेलेला परत येतो, मारणाऱ्यांच्याच जगात येतो, आणि सूड मागत नाही. बलिदानाचा अर्थ या परतण्यातून ठरतो. तो वगळला तर उरते ती रोमी राज्यातली आणखी एक फाशी.

ती फाशी झाली याबद्दल फारसा वाद नाही. क्रूस ही मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. रोमी सुभेदार पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाला, हे ख्रिस्ती लोकांचा तिटकारा असलेल्या रोमी इतिहासकार टॅसिटसनेही नोंदवले आहे. पुढची साक्ष शिष्यांची, आणि ती एकसारखी नाही. कबरीपाशी देवदूत एक की दोन, दर्शन गालीलात की यरुशलेमेत, यावर शुभवर्तमाने जुळत नाहीत. आक्षेप घेणाऱ्यांचे एवढे म्हणणे मान्यच करायला हवे. सन ५५च्या सुमारास पौल करिंथकरांना पत्र लिहीत होता तेव्हा ही श्रद्धा आधीपासून रुळलेली होती, इथवरच इतिहास आपल्याला नेतो. पण तपशिलात विस्कळीत असलेली ही कथा एका बाबतीत विलक्षण ठाम आहे. उठलेला येशू पिलाताला जाब विचारत नाही, महायाजक कयफाच्या दारात उभा राहत नाही. तो जातो पळून गेलेल्या शिष्यांकडे, तीनदा ओळख नाकारणाऱ्या पेत्राकडे. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो खुणा दाखवतो त्या खिळ्यांच्या आणि भाल्याच्या. म्हणजे झालेले पुसले गेलेले नाही. लूकच्या वृत्तांतात तो खायलाही मागतो आणि त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा मिळतो. आपल्याकडे परतलेल्या मृताला घास द्यावा लागतो तो धाकापोटी; इथे घास आहे, धाक नाही.

मुकुंदराज आणि दासोपंतांच्या आंबेजोगाईतून यावर खरा आक्षेप येईल तो अद्वैताचा. आत्मा मरतच नाही, मग कोणी काय अर्पण केले? आत्मा अमर मानून देहाचे मरण गौण ठरवले, तर क्रूस हे नाटक होते, हे खरेच आहे. म्हणूनच पहिल्या शतकांत ख्रिस्ताचा देह केवळ भास होता असे सांगणारे निघाले तेव्हा चर्चने त्यांना नाकारले. तहान, रक्त, कबर हे सगळे तिने हट्टाने धरून ठेवले, आणि पुनरुत्थानही देहाचेच मानले. दुसरा आक्षेप नीतीचा: दोषींसाठी निर्दोषाला मारून संतुष्ट होणारा देव कसला? अकराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मशास्त्री अन्सेल्मने देवाच्या मानाच्या भरपाईची जी मांडणी केली, तिच्यावर हा आक्षेप बऱ्याच अंशी लागू पडतो, असे मला वाटते. तिथे देव धनको होतो. पण क्रूसावरचा स्वतः देवच आहे, ही मूळ धारणा धरली तर बळी मागणारा आणि बळी जाणारा असे दोन पक्ष राहत नाहीत. देव नवस फेडून घेत नाही; माणसांची हिंसा अंगावर घेतो आणि परत करत नाही.

मराठीत ही कथा ओवीबद्ध केली दासोपंतांच्याच समकालीन इंग्रज जेझुइट धर्मगुरूने. थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१६मध्ये राशोलला त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्याने एकटा क्रूस उचलून मांडला नाही. पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होते, दुसरे ख्रिस्ताचे. पण गोव्यातल्या ज्या साष्टीत हे लिहिले गेले, तिथेच या अर्थाची सर्वांत कडक परीक्षा झाली होती. देवळे पाडल्याने संतापलेल्या कुंकळ्ळी गावच्या लोकांनी १५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइटांना आणि त्यांच्या सोबत्यांना मारले. पोर्तुगीजांनी नंतर गावच्या म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून त्यांची कत्तल केली. चर्चने १८९३मध्ये त्या पाच जणांना धन्य घोषित केले. त्यांचे मरण बलिदान मानायचे तर असोळण्याला जे झाले ते त्या बलिदानाविरुद्धच होते, कारण तिथे मेलेल्यांच्या नावाने हिशेब चुकता करण्यात आला. राज्यकर्त्यांनी क्रूस हातात धरला होता, पण वागले ते पारावरच्या जुन्या हिशेबाने. स्टीफन्स त्या वेळी गोव्यातच होता.