गादीवर बसताना

पेढीवर वीस वर्षे चोख काम केलेला मुनीम, अथवा घरातील कर्ता मुलगा, एके दिवशी मुख्य कारभारी होतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आणि थोड्याच दिवसांत तोच मनुष्य त्रासलेला दिसू लागतो. असे का व्हावे? आमच्या मते काम बदलले, पण सवय बदलली नाही, हेच त्याचे कारण होय.

कालपर्यंत त्याची परीक्षा स्वतःच्या हातच्या कामावर होत असे. कीर्द बिनचूक लिहिली, उधारी वेळेवर वसूल केली, म्हणजे तो उत्तम ठरे. आता इतरांच्या हातून होणाऱ्या कामावरून त्याचे मोल ठरते. तथापि तो खतावणीतील प्रत्येक बेरीज स्वतःच पडताळीत बसतो. गुमास्ता गिऱ्हाइकास भाव सांगण्यापूर्वी त्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. अशा पेढीत कोणीही जबाबदारी घेईनासा होतो, आणि मालक अंथरुणास खिळला की व्यवहारही खिळतो. मग त्या पेढीवर पोट असणाऱ्या कुटुंबांनी कोणाकडे पाहावे?

या बाबतीत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचे चरित्र मननीय आहे. त्यांनी रेल्वेच्या कंत्राटांत पाऊल टाकले ते लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. जे ज्ञान आपणांपाशी नाही, ते असणाऱ्या माणसास बरोबरीने बसविण्यात शेठजींना कमीपणा वाटला नाही. १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. कंपनीचे पहिले अध्यक्ष मात्र नरोत्तम मोरारजी होते. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अध्यक्षपद वालचंदांकडे आले. पुढे १९४० साली बंगलोरचा विमान-कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणची जहाजगोदी, १९४४ साली मोटारींची कंपनी असे उद्योग उभे राहिले. इतका पसारा एकट्याच्या हाताने आवरणारा नव्हता. जाणती माणसे निवडून त्यांच्यावर भार टाकणे हेच तेथे मुख्य काम होते.

आपल्या पेढ्या लहान असतील, पण रीत तीच. नव्या कारभाऱ्याने प्रथम महिनाभर ऐकावे. जुन्या मुनिमास एकांतात विचारावे, चारचौघांत त्याचा मान राखावा. कोणत्या रकमेपर्यंतचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हे लिहून द्यावे. रोज ढवळाढवळ न करता ठरल्या वारी हिशेब पाहावा. नोकराची चूक खाजगीत दाखवावी, स्वतःची मात्र उघड कबूल करावी. आणि ज्येष्ठांनीही एक पथ्य पाळावे: गादी दिली, तर किल्ल्याही द्याव्यात. किल्ल्या कमरेला ठेवून दिलेली गादी ही नुसती बैठक होय.

आपण चार दिवस परगावी गेलो असता पेढी बिनबोभाट चालली, तर कारभार साधला असे खुशाल समजावे.