आयरिसचे रंग आणि चार प्रतींचे गणित

उंच दाढीवाल्या आयरिसच्या फुलात तीन पाकळ्या उभ्या आणि तीन खाली झुकलेल्या असतात, झुकलेल्या पाकळ्यांवरच्या केसाळ पट्ट्याला दाढी म्हणतात. या फुलांत पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत असंख्य छटा आढळत असल्या, तरी त्या मुख्यतः रंगद्रव्यांच्या दोनच कुळांतून निर्माण होतात. अँथोसायनिने पाण्यात विरघळणारी असून ती पेशीतील रसाने भरलेल्या पोकळीत, म्हणजे रिक्तिकेत साठतात. आयरिसमध्ये ती प्रामुख्याने डेल्फिनिडिनपासून बनलेली असल्याने निळा आणि जांभळा रंग देतात. कॅरोटीनॉइडे मेदात विरघळतात, वर्णलवक नावाच्या सूक्ष्म कणांत राहतात आणि पिवळा, नारिंगी व गुलाबी रंग देतात. ही दोन कुळे वेगवेगळ्या जैवरासायनिक मार्गांनी तयार होत असल्यामुळे त्यांची आनुवंशिकताही बरीचशी स्वतंत्र असते, आणि पिवळ्यावर जांभळ्याचा थर आला की तपकिरी व तांबूस छटा दिसतात.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपीय बागांतील बहुतेक दाढीवाले आयरिस ‘आयरिस पॅलिडा’ आणि ‘आयरिस व्हेरिगाटा’ या 24 गुणसूत्रांच्या जातींतून आलेले होते. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर यांनी त्या शतकाच्या अखेरीस पश्चिम आशियातील मोठ्या फुलांच्या, 48 गुणसूत्रे असलेल्या वनस्पती संकरासाठी वापरल्या, आणि पुढील पिढ्यांतील संकरांतून चतुर्गुणित, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राच्या चार प्रती असलेली रोपे रूढ झाली. फुले मोठी आणि पाकळ्या जाड झाल्या. मात्र अप्रभावी गुण मिळवणे फार कठीण झाले. द्विगुणित रोपात एक प्रभावी आणि एक अप्रभावी प्रत असेल, तर स्वपरागणातून चारांत एक रोप अप्रभावी गुण दाखवते. चतुर्गुणित रोपात दोन प्रती प्रभावी आणि दोन अप्रभावी असतील, तर त्याच्या सहा जननपेशींपैकी सरासरी एकीतच दोन्ही अप्रभावी प्रती येतात, म्हणून अपेक्षित प्रमाण छत्तीसांत एक एवढे घसरते. बियांपासून फूल यायला सहसा दोन-तीन वर्षे लागत असल्याने हे प्रमाण संकरकाराच्या जमिनीचे आणि आयुष्याचेही गणित ठरते.

गुलाबी आयरिसचा इतिहास याच गणिताने समजतो. टोमॅटोला लाल करणारे लायकोपीन हे कॅरोटीनॉइड पाकळ्यांत साठू देणारा गुण अप्रभावी असून तो दिसण्यासाठी चारही प्रती त्याच्याच असाव्या लागतात. अशा फुलांची दाढी नारिंगी-लालसर असते, आणि म्हणून या घटकाला ‘टँजरीन’ असे नाव पडले. अमेरिकेत डेव्हिड हॉल यांनी 1940च्या दशकात हा रंग स्थिर केला आणि त्यांच्या ‘शेरी’ या वाणाला 1951 साली आयरिसच्या वाणांसाठी दिले जाणारे डाइक्स पदक मिळाले.

पांढऱ्या रंगाची कारणे मात्र एकाहून अधिक आहेत. एका प्रभावी जनुकामुळे पाकळ्यांतील अँथोसायनिन दडपले जाते आणि कॅरोटीनॉइडांना धक्का लागत नाही. म्हणून त्याच्या प्रभावाखाली जांभळ्याच्या जागी पांढरे, तर तपकिरीच्या जागी पिवळे फूल येते. ‘प्लिकाटा’ हा अप्रभावी नमुना अँथोसायनिनला पाकळीच्या कडेपुरते, ठिपक्या-रेघांत मर्यादित करतो आणि मधला भाग पांढरा किंवा पिवळा सोडतो.

अस्सल लाल आयरिस अद्याप साधलेला नाही. लाल-केशरी फुलांत आढळणाऱ्या पेलार्गोनिडिनकडे जाणारी वाट आयरिसच्या पाकळीत रोखली जाते, कारण तिथली विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, पूर्वद्रव्याला डेल्फिनिडिनकडे वळवतात. कॅरोटीनॉइडांच्या वाटेने ऑरेगन येथील संशोधकांनी 2014 साली जिवाणूचे जनुक आयरिसमध्ये घातले, तेव्हा फुलाच्या इतर काही भागांत रंग बदलला. मुख्य पाकळ्यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे बाजारात लाल म्हणून मिळणारे आयरिस आजही तपकिरी-तांबूस मिश्रणच असतात. चार प्रतींत काय दडले आहे, हे फुलाच्या दर्शनी रंगावरून कळत नाही, आणि म्हणून आयरिसच्या संकरात निवडलेल्या रोपाच्या सौंदर्याइतकेच त्याच्या वंशावळीच्या नोंदीला महत्त्व आहे.