फुरसुंगीचा पोरगा आणि चंद्रावरची स्वारी

मुळशीत कॉलेज म्हणजे भूगावचं ट्रॅफिक आलंच. बस हलत नाही, रील्स बघून कंटाळा आलाय? मग भा. रा. भागवत वाचा. 'ती तर लहान मुलांची पुस्तकं' म्हणून नाक मुरडू नका. मीही आधी सिनेमा पाहिला आणि मग पुस्तक हातात घेतलं!

१९१० मध्ये जन्मलेल्या भागवतांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक चालवलं. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावंच बघा, किती आपली वाटतात!

पण खरी कमाल फास्टर फेणे. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला हा काडीपैलवान. जादूची छडी नाही, फक्त सायकल, डोकं आणि 'ट्टॉक्'! गावाकडचा साधा पोरगाही हीरो होतो, हे भागवतांनी वीस पुस्तकांतून दाखवलं.

२००१ मध्ये भागवत गेले. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ फेणे झाला आणि दिलीप प्रभावळकर चक्क भागवत!

हॅरी पॉटरचा प्लॅटफॉर्म नंबर आपल्याला पाठ आहे. फुरसुंगी मात्र फक्त बसच्या पाटीवर वाचलेली. ताम्हिणीच्या धुक्यात आपण फोटो काढून परत येतो. तिथली गोष्ट कोण लिहिणार? तुम्ही?