आठ जीबी रॅम टाकली, तरी तीनच का चालते?

संगणक हळू चालतो म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "रॅम वाढवा." आपल्या बिलोली-देगलूर भागात शाळेचा जुना संगणक असो की घरचा, हेच ऐकायला मिळतं. पण काही संगणकांत ८ जीबी रॅम बसवली तरी सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरात येते. पैसे गेले, वेग काही वाढला नाही! असं का होतं, ते आज समजून घेऊया.

पत्ते संपले की जागा संपली

आपला पिनकोड सहा अंकी असतो. सहा अंकांत जास्तीत जास्त १० लाख वेगवेगळे क्रमांक होतात. त्यापुढे क्रमांकच उरत नाही. रॅमचंही तसंच. तिच्यातल्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो आणि संगणक तो ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. म्हणून अंक किती, यावर मर्यादा ठरते.

१) डॉस : १९८१ च्या आयबीएम पीसीत पत्ता २० अंकी होता. २ चा २० वा घात म्हणजे १०,४८,५७६ बाइट, अर्थात १ एमबी. त्यातले ३८४ केबी स्क्रीन, रॉम वगैरेंसाठी राखीव. प्रोग्रॅमला उरले फक्त ६४० केबी.

२) ३२-बिट विंडोज : महाराष्ट्रात एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली, त्याच वर्षी विंडोज एक्सपी आली. तिच्या ३२-बिट आवृत्तीची मर्यादा ४ जीबी, कारण २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. ३२-बिट विंडोज ७ ची कमाल मर्यादाही तेवढीच. शिवाय ग्राफिक्स कार्डासारख्या भागांनाही याच पत्त्यांतून वाटा द्यावा लागतो, म्हणून पूर्ण ४ जीबीही मिळत नाही.

३) ६४-बिट विंडोज : इथे पत्ते भरपूर. तरी विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीवर, तर होम प्रीमियम १६ जीबीवर थांबते.

रॅम विकत घेण्याआधी

'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'सिस्टिम टाइप' वाचा. ३२-बिट लिहिलेलं असेल आणि ४ जीबी रॅम आधीच असेल, तर नवी रॅम घेऊन उपयोग नाही. प्रोसेसर ६४-बिट चालवतो का आणि मदरबोर्ड किती रॅम घेतो, हे आधी विचारा. दोन्ही जमत असेल तर ६४-बिट प्रणाली नव्याने टाकावी लागते. त्याआधी आपल्या फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवायला विसरू नका.

करून पहा : पत्ता १६ अंकी असेल तर किती बाइट रॅम वापरता येईल? वहीत गणित सोडवा.